जोड धरतोय

मंगळवारी सकाळी पावणेसातला मालक मला तू म्हणाले. कोट अडकवायच्या खोलीबाहेर जो अरुंद बोळ आहे, तिथे. मी मफलर सोडवत होतो, चष्म्यावर बाहेरचं धुकं बसलेलं, म्हणून आधी नुसता करडा डगला दिसला आणि मग आवाज आला, "तू आलास का? चल, जोड बघू." एवढं म्हणाले आणि पुढे चालायला लागले. मी मफलरचं एक टोक हातात धरून तिथेच उभा राहिलो. माझे कान गरम झाले. साठ वर्षांचा माणूस मी, दोन नातवंडांचा आजोबा, आणि वर्गात बाईंनी एकदम नाव घेतल्यावर व्हायचे तसे कान गरम. छत्तीस वर्षं मी या कारखान्यात आहे. छत्तीस वर्षं ते मला 'ग्रेट्लर, तुम्ही' म्हणत आले आणि मी त्यांना 'मालक, तुम्ही'. त्यांचं नाव लेओनहार्ड हास्लेगर आहे हे मला माहीत आहे, दारावरच्या पितळी पाटीवर ते तीन पिढ्या लिहिलेलं आहे, पण ते नाव मी तोंडाने कधी उच्चारलेलं नाही. घरीसुद्धा नाही. घरीही ते मालकच.

आमच्याकडे तुम्हीवरून तूवर येणं हे काही जाता जाता व्हायचं काम नाही. थोरल्याने विचारायचं असतं. धाकट्याने आपण होऊन म्हटलं तर तो आगाऊपणा. दोघांच्या हातात ग्लास लागतो, ग्लासाला ग्लास लावायचा, डोळ्यांत बघायचं आणि आपापलं पहिलं नाव सांगायचं, जणू समोरच्याला ते इतकी वर्षं ठाऊकच नव्हतं. आमच्या लग्नात माझ्या सासऱ्यांनी हे सगळं साग्रसंगीत केलं होतं आणि पुढे दोन वर्षं मला त्यांना तू म्हणताना ठसका लागायचा. आता हे सगळं राहिलेलं नाही म्हणा. आठ वर्षांपूर्वी मालकांची मुलगी सेराइना कारभार बघायला लागली तेव्हा तिने पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना पत्र पाठवलं: आजपासून आपण सगळे एकमेकांना तू म्हणायचं, मलासुद्धा. खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती, 'पप्पांचं मात्र पूर्वीप्रमाणेच.' फ्रीडोलिन, जो माझ्याबरोबर जोडणीला आहे आणि ज्याला नऊच्या कॉफीला कोणाची ना कोणाची टोपी उडवल्याशिवाय घास गिळवत नाही, तो तेव्हा म्हणाला होता, "कुत्र्याला तू, देवाला तू, आता साहेबीणबाईंना पण तू. राहता राहिला म्हातारा." आम्ही सगळे हसलो होतो. पण खरं सांगायचं तर मला बरं वाटलं होतं. एक तरी माणूस उरला होता ज्याच्यापुढे मी तुम्ही होतो.

मग आता हे काय? त्या बोळातून चालताना माझ्या मनात एवढं एकच होतं. उलट काय म्हणायचं? तुम्ही म्हणावं तर दिलेलं परत केल्यासारखं होतं. तू म्हणावं, तर जीभ टाळ्याला चिकटते. म्हणून मी दिवसभर असं बोललो की कुठेच अडकायला नको. 'आता चालू करायचं का?' 'दिवा इकडे हवा का?' 'बरं वाटतंय ना थंडीत?' एकोणऐंशी वर्षांच्या माणसाभोवती मी असा बोलत फिरत होतो, ओल्या फरशीवर पाय जपून टाकावा तसा, आणि आतून, खोटं कशाला सांगू, हरखलो होतो.

आमचं यंत्र लोकांना दिसत नाही. वर्तमानपत्राच्या छापखान्यात कागदाचा एक रोल संपत येतो, तेव्हा छपाई न थांबवता त्याच्या शेपटाला दुसऱ्या रोलचं तोंड चिकटवायचं, एवढंच काम ते करतं. नवा रोल जुन्याच्या वेगाने फिरवायचा, काठावर चिकटपट्टी असते, ब्रश तिला दाबतो, सुरी जुना कागद कापते. डोळ्याचं पातं लवायच्या आत. वरच्या मजल्यावर छापणाऱ्याला कळतसुद्धा नाही की आत्ता एक संपला आणि दुसरा सुरू झाला. चाचणी झाली की जोड असलेला कागदाचा तुकडा कापून लांब टेबलावर पसरतात. मग मालक येतात. उजव्या हाताचा अंगठा डाव्या काठावर ठेवतात, डोळे मिटतात आणि टेबलाच्या कडेकडेने चालत अंगठा जोडावरून उजव्या काठापर्यंत नेतात. दीड मीटर. शेवटी म्हणतात, "धरतोय." किंवा काहीच म्हणत नाहीत, आणि मग आम्ही सगळं पुन्हा खोलतो. त्यांच्या आजोबांनी हे सुरू केलं, वडिलांनी चालवलं. त्या तुकड्यावर तारीख पडते, मालकांची सही, चाचणीवाल्याची सही, म्हणजे आता माझी, आणि तो सपाट खणात जातो. एकोणीसशे एकतीसपासूनचे सगळे जोड त्या खणांत आहेत. जुने चहासारखे पिवळे झालेत. अलीकडचे फार थोडे आहेत. मी आलो तेव्हा वर्षाला तीस यंत्रं जायची, यंदाचं हे चौथं. शेडमध्ये जमिनीवर अजून पिवळ्या रंगाचे चौकोन आखलेले आहेत, एकेका यंत्राच्या मापाचे, आणि बहुतेक चौकोनांत काहीच नाही. आम्ही तरीही त्यांना वळसा घालून चालतो.

त्या मंगळवारी मालकांनी डोळे मिटले, अंगठा ठेवला, चालले. "धरतोय," म्हणाले. आणि माझ्याकडे वळून, हसून, "तुला काय वाटतं?" पुन्हा तू. मी जोडाकडे बघितलं. डाव्या काठापासून दोन बोटं आत चिकटपट्टीची कड उचललेली होती. नखाएवढी. मी ती पाहिली. इथे मला स्वतःशी लबाडी करायची नाही, मी ती स्पष्ट पाहिली. सेकंदाला बारा मीटर कागद धावतो तेव्हा तेवढ्या फटीत हवा शिरते, जोड उलतो, कागद फाटतो, आणि मग कोणातरी माणसाला रोलरच्या मधे हात घालून ते बोळे ओढून काढावे लागतात. हे सगळं मला पाठ आहे. पण मालक हसत होते. ते माझ्याकडे असे कधी हसले नव्हते. मी म्हणालो, "धरतोय," आणि सही केली.

संध्याकाळी लिडियाने कॉफी ओतली, पाव कापला, चीजची साल काढली, आणि मी शक्य तितक्या सहज आवाजात म्हणालो, "मालकांनी आज मला तू म्हटलं." ती माझी बायको, चौतीस वर्षं एका वृद्धाश्रमात काम करते, तिला कशाचं फारसं आश्चर्य वाटत नाही. "छत्तीस वर्षांनी?" ती म्हणाली. "तू मला तीन आठवड्यांत लग्नाचं विचारलंस. तुझे मालक दमाने घेतात बाई." मग म्हणाली, "काय दिलं प्यायला?" मी म्हटलं, काही नाही, सकाळी पावणेसातला बोळात कोण काय देणार. "ग्लास नाही?" "नाही." "आणि नाव? नाव सांगितलं का?" "मला ठाऊक आहे त्यांचं नाव." तिने सुरी खाली ठेवली. "अल्बिन, ग्लासाशिवाय तू म्हणजे..." आणि ती बोलता बोलता हसली, सवयीने, रोज कामावरून आल्यावर गमती सांगते तशी, "आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या आज्या बघ, सगळ्यांना तू म्हणतात. डॉक्टरला तू, पाद्र्याला तू. आधी तुम्ही जातं. मग नावं जातात." माझं तोंड बघून ती थांबली. "म्हणजे तसं नाही म्हणत मी. त्यांचं वेगळं असेल." तिने माझ्या बशीत चीजचा मोठा तुकडा ठेवला. मी तो खाल्ला आणि चव कशी होती ते मला आजही सांगता येणार नाही.

त्यानंतर मला वडील आठवत राहिले. ते ट्योस नदीजवळच्या मोठ्या फाउंड्रीत, ओतकामाच्या कारखान्यात, साच्यावर होते. फोरमन त्यांना तू म्हणायचा. वडील त्याला तुम्ही. फोरमन वडिलांपेक्षा बारा वर्षांनी लहान होता. मी एकदा डबा घेऊन गेलो होतो, दहा-अकरा वर्षांचा असेन, आणि मी ते ऐकलं: "ए, तू, ते उचल." आणि वडील उचलत होते, आणि त्यांनी पाहिलं की मी ऐकलं. घरी येताना ते माझ्याशी बोलले नाहीत. म्हणून सत्त्याऐंशीच्या एप्रिलमध्ये, चोवीस वर्षांचा मी पहिल्या दिवशी हास्लेगरांच्या शेडमध्ये उभा होतो आणि करड्या डगल्यातला एक त्रेचाळीस वर्षांचा माणूस माझ्याजवळ येऊन म्हणाला, "ग्रेट्लर, तुम्ही जरा तुमचा अंगठा इथे ठेवता का?", तेव्हा ते दुसऱ्या कोणाशी बोलतायत का म्हणून मी मागे वळून बघितलं होतं. कारखान्याचा मालक, आणि मला तुम्ही. झाडलोट करणाऱ्या बाईला तुम्ही. मालमोटारीवरच्या माणसाला तुम्ही. मी अंगठा ठेवला. ते म्हणाले, "डोळे मिटा. डोळ्यांना फसवता येतं." मग त्यांनी माझं मनगट धरून माझा अंगठा जोडावरून नेला, आणि मधे कुठेतरी थांबले, आणि मला ती कड लागली, केसाएवढी. "लागली?" "लागली." "मग तुम्ही राहा इथे."

आणि एक्क्याण्णव साल. चाचणी होऊन जोड पास झाल्यावर मी ब्रश साफ करायला एक स्क्रू सैल केला आणि परत आवळायचा विसरलो. यंत्र गेलं. सीमेपलीकडच्या एका छापखान्यात पहिल्याच आठवड्यात चारदा कागद फाटला आणि एका माणसाचं बोट रोलरमधे सापडलं. गेलं नाही, पण वाकडं झालं कायमचं. मालक मला गाडीत घालून घेऊन गेले. तिथला व्यवस्थापक टेबलावर हात आपटत होता, आणि मी तोंड उघडणार इतक्यात मालक म्हणाले, "जोड माझ्या अंगठ्याखालून गेलाय. चूक माझी." त्यांना ठाऊक होतं. तो सैल स्क्रू तिथे पोचल्यावर त्यांनीच आवळला होता, माझ्यासमोर. परत येताना त्यांनी दोन तास न थांबता गाडी चालवली. सरोवराजवळ एका टपरीसमोर गाडी थांबवली आणि म्हणाले, "ग्रेट्लर, तुम्ही सकाळपासून काही खाल्लेलं नाही." आम्ही उभ्यानेच भाजलेलं सॉसेज खाल्लं, झणझणीत मोहरीचा सॉस लावून. मला रडू येत होतं, पण मोहरीमुळे चाललं. त्या दिवसापासून हा माणूस म्हणाला असता तर मी विस्तवावरून चाललो असतो. ते कधी म्हणाले नाहीत.

बुधवारी मी दुकानातून एक बाटली घेतली. आमच्याच बाजूच्या टेकड्यांवरची लाल वाइन, काही भारी नाही. लिडिया काहीही म्हणो, मी ठरवलं होतं: शुक्रवारी यंत्र रवाना झालं की दोन ग्लास घेऊन त्यांच्या खोलीत जायचं आणि म्हणायचं, राहून गेलेलं करून टाकू. त्यांचा चेहरा कसा होईल ते मी बसमध्ये मनात बघत होतो. बाटली माझ्या कपाटात बुटांच्या मागे ठेवली आणि बाहेर आलो, तर बोळाच्या टोकाला मालक आणि यावोर्काबाई. यावोर्काबाई वीस वर्षं आमच्याकडे साफसफाई करतात, विधवा, ताठ बाई, सगळा कारखाना एकमेकांना तू म्हणतो त्यात त्यांनी सेराइनाला स्वच्छ सांगितलं होतं की मला तू म्हटलेलं चालणार नाही. मालक त्यांच्यासाठी दार उघडून धरत असत. आता मालक त्यांच्या हातातली बादली घेत होते आणि म्हणत होते, "तू राहू दे गं, तू दमलीस. आईला सांगतो मी." यावोर्काबाईंनी बादली सोडली नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मालकांच्या खांद्यावरून, आणि मान अगदी थोडी हलवली. मग म्हणाल्या, "बरं, साहेब. तुम्ही जा, मी येते." मालक गेले. मी जवळ गेलो. त्याच म्हणाल्या, "उन्हाळ्यापासून आहे हे. माझ्याशी आधी सुरू झालं, म्हणून मला वाटलं, मी मोलकरीण आहे म्हणून असेल." असं म्हणून त्यांनी फडकं पिळलं. "ग्रेट्लरसाहेब, तुम्ही कोणाला सांगू नका. ह्या जागेशिवाय काय आहे त्यांना?"

मला स्वतःची लाज वाटत होती, आणि लाजेच्या खाली, हे सांगायला नको पण आहे, मला रागही आला होता. छत्तीस वर्षांनी एक गोष्ट मिळाली असं वाटलं आणि ती माझी नव्हतीच. कोणालाही मिळाली असती. ते मला तू म्हणत नव्हते, कोणातरी दुसऱ्याला म्हणत होते जो बोळात नेहमी भेटायचा, त्यांचा मेलेला भाऊ असेल, शाळेतला सोबती असेल. आणि त्या दुसऱ्याच्या वतीने मी सही करून बसलो होतो.

ऑक्टोबरात सेराइनाने मला खोलीत बोलावलं होतं. दार लावून घेतलं होतं. "अल्बिन," ती म्हणाली, "मला त्या टेबलावर सेन्सर बसवायचा आहे. अंगठ्याचं काम यंत्र करेल. पण ते बसवलं की पप्पा सकाळी कशाला येतील?" मी म्हटलं, मग नको बसवूस. ती म्हणाली, "जोपर्यंत अंगठा बरोबर आहे तोपर्यंत नाही बसवणार. पण ते मला कळणार नाही. मला ते काम कधी आलंच नाही, त्यांनी प्रयत्न केला बिचाऱ्यांनी. तुला कळेल. कळलं की मला सांगशील?" मी हो म्हणालो. किती सहज म्हणालो. मला वाटलं होतं तो दिवस येण्याआधी मीच निवृत्त होईन.

गुरुवारी बाराला घंटा झाली, सगळे जेवायला गेले. फ्रीडोलिन जाताना म्हणाला, "येत नाहीस? बटाटे आहेत आज. का तुला आता वरच्यांबरोबर जेवण मिळतं?" मंगळवारी बोळातलं त्यानेही ऐकलं होतं. मी म्हटलं, तू हो पुढे. यंत्राची पेटी दाराजवळ उभी होती, फळ्या ठोकलेली, बाजूला पत्ता रंगवलेला. शुक्रवारी सकाळी सातला ट्रक. खिडक्यांना तेच धुकं, तीन आठवडे ऊन पडलेलं नव्हतं, दुपारी बाराला शेडमधले दिवे लागलेले. मी खण उघडला आणि मंगळवारचा तुकडा काढून टेबलावर पसरला. खाली दोन सह्या. त्यांची थोडी थरथरलेली, माझी मोठी, टेचात केलेली. मी डोळे मिटले, अंगठा ठेवला. मनात म्हटलं, नसेल. दोन बोटांवर ती लागली. तिथे ती होतीच, आणि मला ती मंगळवारपासून लागत होती, जेवताना, बसमध्ये, झोपेत.

दोनच वाटा होत्या. पेटी गुपचूप खोलायची, ब्रश नीट करायचा, कोणाला काही बोलायचं नाही. हे मी दोन तासांत केलं असतं. पुढचं यंत्र फेब्रुवारीत होतं, तेव्हाही तसंच केलं असतं, त्यांनी धरतोय म्हणायचं, मी हो म्हणायचं आणि मागून दुरुस्त करायचं. पण मला कधी सर्दी असेल, कधी रजा असेल. आणि वाकडं बोट मी पाहिलेलं आहे. दुसरी वाट म्हणजे जिना चढून सेराइनाच्या खोलीत जायचं आणि एक वाक्य बोलायचं. त्या वाक्यानंतर मालक सकाळी पावणेसातला बोळात दिसणार नाहीत. मी तिथे उभा राहून या दोन्हींतलं काहीच करत नव्हतो, तेवढ्यात मागून आवाज आला, "तू आलास का? चल, जोड बघू."

करडा डगला, वरचं बटण खालच्या काजात. ते टेबलाशी आले, अंगठा ठेवला, डोळे मिटले आणि चालायला लागले. मी त्यांच्या अंगठ्याकडे बघत होतो. दोन बोटं. अंगठा थांबला नाही. तसाच पुढे गेला, शांत, सवयीचा, शेवटापर्यंत. "धरतोय," ते म्हणाले आणि माझ्याकडे बघून हसले.

"नाही धरत," मी म्हणालो.

त्या टेबलाशी त्यांना असं कोणी म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. ते हसायचे थांबले. पुन्हा डाव्या काठाशी गेले. पुन्हा अंगठा, पुन्हा चालले, सावकाश. काही नाही. तिसऱ्यांदा मी त्यांचं मनगट धरलं. मी असा कधी त्यांना हात लावला नव्हता. हाताला हाडच लागलं. त्यांचा अंगठा दोन बोटं आत नेला आणि थांबवला, आणि नख त्या कडेखाली घातलं. कागद हलका उचलला गेला. कितीतरी वेळ ते त्या उचललेल्या कागदाकडे बघत राहिले. मग अंगठा वर करून त्यांनी तो दिव्यात धरला.

"ग्रेट्लर," ते म्हणाले.

आवाज तोच होता. छत्तीस वर्षांचा.

"हे मंगळवारचं आहे."

"हो, मालक."

"तुम्ही पाहिलं होतं."

"हो."

"आणि तुम्ही सही केलीत." त्यांनी माझ्या सहीवर बोट ठेवलं. "तुम्ही? का?"

मी खाली बघत म्हणालो, "मला तू म्हटलं होतं. त्या दिवशी. मला वाटलं..."

त्यांचा चेहरा उतरला. जोड चुकला तेव्हा उतरला नव्हता एवढा. ते एक पाऊल मागे सरले, डगल्याचं ते चुकीचं बटण चाचपायला लागले. "मी? तुम्हाला? असं न विचारता?" ते म्हणाले. "माफ करा, ग्रेट्लर. असं करायचं नव्हतं मला. हे रीतीने करायला हवं होतं, मी ते निवृत्तीच्या दिवशी करणार होतो, तुमच्या. बाटली बाजूला काढून ठेवलीय. कुठे ते आता आठवत नाही."

मी म्हणालो, काही हरकत नाही. माझ्या कपाटात बुटांच्या मागे एक आहे हे मी सांगितलं नाही. आता ग्लासाला ग्लास लावून काय मिळणार होतं? मला जे हवं होतं ते मला छत्तीस वर्षं रोज मिळत आलं होतं, ते आत्ता मिळत होतं, आणि किती मिनिटं पुरेल ते आम्हां दोघांनाही ठाऊक नव्हतं.

त्यांनी मंगळवारचा तुकडा नीट घडीवर घडी घालून माझ्या हातात दिला. "सेराइनाला तुम्हीच सांगा," ते म्हणाले. "आत्ता जा. मी सांगितलं असतं, पण जिना चढेपर्यंत माझ्या लक्षात राहायचं नाही." मग डगला काढायला लागले. बटण सुटेना. मी सोडवून दिलं. डगला त्यांनी टेबलावर ठेवला, बाह्या आत घालून, दुकानातून आलेल्या शर्टसारखा, आणि स्टुलावर बसून राहिले.

जिन्याला एकवीस पायऱ्या आहेत. मी काय बोलायचं ते जुळवत होतो आणि प्रत्येक पायरीला ते मोडत होतं. सेराइना खिडकीशी उभी होती, हातात डब्यातलं सॅलड, काचेबाहेर काही दिसत नसताना बाहेर बघत. "ये रे," ती म्हणाली. "तू जेवला नाहीस?" मी घडी घातलेला कागद तिच्या टेबलावर ठेवला. तिने तो ओळखला. त्या इमारतीत वाढलेलं कोणीही ओळखेल. काटा हातातच राहिला.

"उद्याचा ट्रक थांबवायला हवा," मी म्हणालो. "आणि तुम्ही जरा खाली बसा."

ते तोंडातून कसं गेलं मला कळलं नाही. आठ वर्षं मी तिला तू म्हणत आलो, पण खाली जे ऐकून आलो होतो ते कानात भरलेलं होतं, आणि ज्याला तसं म्हणायचं तो माणूस आता तीच होती. मला वाटलं तिला ते कळेल, कदाचित आवडेलही. तिने काटा डब्यात ठेवला, डबा टेबलावर ठेवला, झाकण लावलं.

"नको," ती म्हणाली. "अल्बिन, तू तरी तुम्ही नको म्हणूस. मला पप्पा सप्टेंबरपासून तुम्ही म्हणतायत. रोज संध्याकाळी जेवायला बसलं की विचारतात, तुम्ही कोणाकडे आलात, आणि खुर्ची मागे ओढून देतात."

खाली शेडमध्ये माणसं जेवून परत येत होती, फ्रीडोलिनचं हसणं वरपर्यंत ऐकू आलं.

"बस," मी म्हणालो. "सेराइना, तू बस."

ती बसली.